हेलियमचा आकडा

त्या दिवसांत माझ्या हातांना कायम अ‍ॅसिटोनचा वास यायचा. आई वैतागून म्हणायची, "एवढं नेलपॉलिश लावतेस तरी कधी, की रोज काढत बसावं लागतं?" नेलपॉलिश लावायला मला उसंत कुठे होती! मी अ‍ॅसिटोन टाकत असे स्टीलच्या नळ्यांच्या सांध्यांवर, आणि मग काट्याकडे डोळे लावून बसत असे. सांध्यात कुठे बारीक फट असेल तर त्याची वाफ आत शिरते आणि व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजचा काटा दचकतो. आमचा काटा कधी दचकला नाही. तरीही व्हॅक्यूम जितका चांगला हवा तितका आम्हाला कधीच मिळाला नाही. म्हणजे गळती होती आणि सापडत नव्हती. माझे गाइड म्हणजे सर, त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या काळात ती शोधली होती. माझ्या आधीचा सीनियर तिला 'अपनी पुश्तैनी लीक', म्हणजे वडिलोपार्जित गळती, म्हणायचा आणि माझ्या हातात अ‍ॅसिटोनची बाटली देऊन तो नॉयडाला सॉफ्टवेअरच्या नोकरीत निघून गेला.

हे सगळं नव्वदीतलं. दक्षिण दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आम्ही सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्त झालं की थोड्या महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये जायचं, हे ठरलेलं होतं. माझी फेलोशिपही त्याच सुमारास संपणार होती. तोवर थीसिस सरांच्या सहीनिशी युनिव्हर्सिटीत गेला तर गेला, नाहीतर कपाटं आणि गाद्यांबरोबर मीही ट्रकमध्ये, असा साधा हिशोब होता. बाबा तो बोलून दाखवत नसत. आई रोज दाखवायची.

आम्ही काय करत होतो ते सांगते. अणूतले काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की तो आयन होतो, त्याच्यावर विद्युतभार येतो. अशा आयनांचा झोत यंत्राने वेगात सोडायचा आणि वाटेत साध्या, भार नसलेल्या अणूंचा विरळ वायू ठेवायचा. आयन एखाद्या अणूजवळून जाता जाता त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून नेतो. टक्कर म्हणायची, पण आयन बहुतेकदा आपल्या वाटेवरून ढळतही नाही. नुसता जवळून जातो आणि अणू एका इलेक्ट्रॉनला मुकतो. हे किती वेळा घडतं, ते मोजायचं.

दिल्लीकराला हे समजावणं मला कधी जड गेलं नाही. त्या वेळच्या ब्लूलाइन बसेस स्टॉपवर थांबत नसत, नुसत्या हळू होत. जो बसच्या वेगाने चार पावलं पळाला तो दांडा धरून आत गेला. जो हात दाखवत उभा राहिला तो उभाच राहिला. इलेक्ट्रॉनचं तसंच आहे. आयनाचा वेग आणि अणूतल्या इलेक्ट्रॉनचा वेग जुळत आला की इलेक्ट्रॉन पकडला जाण्याची शक्यता वाढते. बस फारच भरधाव असली तर कुणीच चढत नाही. हे उदाहरण मी एकदा सेमिनारमध्ये दिलं आणि सर सोडून सगळे हसले. सर मात्र नंतर मला म्हणाले, "अगं, कंडक्टर राहिला तुझा." आम्ही दोघंच असलो की सर माझ्याशी मराठीत बोलायचे. ते मूळचे साताऱ्याकडचे. मला सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं. तार आधी दोन वेढे गुंडाळायची आणि मगच टाका द्यायचा, म्हणजे टाका सुटला तरी तार सुटत नाही, हा त्यांचा हट्ट. दुसऱ्या लॅबची मुलं याची टिंगल करायची.

इलेक्ट्रॉन पकडलेले आयन मोजणं सोपं होतं. त्यांचा भार एकाने कमी होतो, त्यामुळे विद्युतक्षेत्रात ते इतरांपेक्षा कमी वळतात आणि वेगळ्या जागी येऊन पडतात. कठीण होतं ते वाटेत वायूचे किती अणू उभे होते हे कळणं. आमचा वायू हेलियम. तो एका लहान डबीत भरायचा, आणि डबीतला दाब मोजला की अणू किती ते निघतं. सगळा मामला त्या दाबावर, आणि दाब सांगणार ते गेज. ते गेज वायूच्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवून दाब मोजतं आणि नायट्रोजनसाठी बनवलेलं असतं. हेलियम आपला इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाही, म्हणून तसलं गेज हेलियमचा दाब फार कमी दाखवतं. मग काटा जे दाखवेल त्याला पाच-साडेपाचने गुणायचं. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच शिकवत. जो गुणायला विसरला तो गाढव.

सरांची सगळी पुण्याई एका आकड्यात होती. तरुणपणी त्यांनी याच मशीनवर आयनांनी हेलियमचा इलेक्ट्रॉन पकडण्याचं प्रमाण मोजलं होतं आणि ते सिद्धांताने सांगितलेल्यापेक्षा फारच कमी निघालं होतं. पुन्हा मोजलं तरी कमीच. बाहेरच्या देशांतल्या लोकांनी त्यावर डोकं चालवलं, ते कमी का असावं याची कारणं शोधून पेपर लिहिले. परिषदांमध्ये त्याला 'दिल्ली व्हॅल्यू' म्हणायचे. सरांना मोठी खुर्ची मिळाली नाही, मूलबाळ नव्हतं, कमिट्यांमध्ये त्यांना कुणी घेत नसे. पण तो आकडा होता. मला त्यांनी दिलेलं काम होतं तो आकडा नव्या, चांगल्या गेजने पक्का करण्याचं.

नवं गेज येऊ शकलं ते बाजार उघडला म्हणून. आधी परदेशी उपकरण मागवायचं म्हणजे लायसन्स, कस्टम्स, आणि खोका येईपर्यंत विद्यार्थी बाप झालेला असायचा. आता नेहरू प्लेसहून टाय लावलेला विक्रेता स्वतः लॅबमध्ये आला, रंगीत कागद टेबलावर पसरून "नो प्रॉब्लेम सर" म्हणाला आणि काही आठवड्यांत खोका दारात. सरांनी तो स्वतःच्या हाताने उघडला. थर्माकोलचा तुकडासुद्धा फेकू दिला नाही. त्या गेजमध्ये एक पातळ धातूचा पडदा होता. वायू त्याला जितका दाबेल तितका तो वाकणार. वायू कुठला याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. त्यामुळे गुणायचंही काही नाही. जो आकडा दिसेल तोच दाब.

यंत्र कुणाला किती दिवस द्यायचं ते एक कमिटी ठरवायची, त्याला बीमटाइम म्हणत. एक बीमटाइम हुकला की पुढच्यासाठी महिनोन्‌महिने थांबायचं. मला नव्या गेजसकट पहिला मिळाला आणि सगळं सुरळीत झालं. हेलियमचा दाब हळूहळू वाढवला, पकडलेल्या इलेक्ट्रॉनांचं प्रमाण त्याच्या बरोबरीने वाढलं, आलेखावर सुरेख सरळ रेष आली. रेषेचा चढ म्हणजे आमचा आकडा. मी तो काढला आणि गणित पुन्हा करून पाहिलं. सरांच्या आकड्याच्या पाच-साडेपाच पट. सिद्धांताच्या वक्रावर अगदी बोट ठेवल्यासारखा.

सरांनी कागद पाहिला आणि हसले. मायेने हसले, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "गुणायला विसरलीस."

"सर, याला गुणावं लागत नाही."

"मग फरक नेमका तेवढाच कसा गं? साडेपाच. दुसरा कुठला आकडा का नाही आला?"

त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणता येत नव्हतं, कारण हेलियमला गुणायला विसरणाऱ्याचा आकडा नेमका तेवढाच मोठा येतो. कुठल्याही परीक्षकाने हेच म्हटलं असतं. त्यांच्या मते विक्रेत्याने आपल्याला फसवलं होतं, आतून ते साधंच गेज असणार. लॅबभर बातमी झाली. कँटीनमध्ये दुसऱ्या लॅबचा एकजण मला म्हणाला, "मॅडम, चाय के पैसे साढ़े पाँच गुना देना." मी कप त्याच्यासमोर आपटला आणि निघून आले. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात हे.

मी सरांची जुनी गणितंही तपासली. कुठेतरी चूक असेल, अशी आशा होती. त्यांनी नीट गुणलेलं होतं. प्रत्येक वेळी. शिकवल्याप्रमाणे.

घरी बाबांची निवृत्ती होऊन गेली होती. हार, शाल, एक भिंतीवरचं घड्याळ. आईने करोल बागेतून जाड दोरी आणि गोणपाट आणलं होतं आणि रोज एकेक वस्तू बांधायला काढत होती. सोफा आणि जेवणाचं टेबल विकलं. जेवायला जमिनीवर बसू लागलो. एके दिवशी मी लॅबमधून आले तर माझं टेबलही गेलेलं. आई म्हणाली, "तुझे कागद खिडकीत ठेवलेत गं सगळे, बघ." मी तिच्यावर जी ओरडले, ती ओरडले. टेबल हे नुसतं निमित्त होतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ती कोपऱ्यात जाऊन गोणपाट शिवत बसली. बाबा म्हणाले, "अगं, आपण एक्स्टेन्शन मागू क्वार्टरचं, मी बोलतो ना ऑफिसात." जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस आता रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्याच जुन्या ऑफिसात, आपल्याच ज्युनियरसमोर जाऊन बसायला लागला. माझ्या एका आकड्यापायी. ते मला बघवत नसे. मी त्यांच्या आधी घरातून निघायचे.

एम.एस्सी.ला माझ्याबरोबर असलेला एक मुलगा गुडगावला एका परदेशी कंपनीत लागला होता. रविवारी गाडी घेऊन यायचा. त्याने एकदा मला त्याचं ऑफिस दाखवायला नेलं. वाटेत नुसती बाभळीची झुडपं, खणलेली माती, आणि मध्येच काचेची एक इमारत. आत गार हवा आणि कॉफीचं यंत्र. "छोड यार," तो म्हणाला, "वहाँ क्या कर रही है? हेलियम को भी नहीं पता कि तू उसके लिए रो रही है." मी नुसती मान हलवली. परतताना बसमध्ये मात्र खरंच रडले. भर दुपारी, शेजारी बाई लसूण सोलत बसलेली असताना. तिने मला खिडकीची जागा दिली.

दुसरा बीमटाइम आला तेव्हा क्वार्टरला मिळालेली मुदतवाढही संपत आली होती. या वेळी काय वाटेल ते करून सरांचा आकडा यावा, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. चूक माझी निघाली असती तर मी पेढे वाटले असते. दिल्लीचा उन्हाळा, विजेचा दाब वरखाली. यंत्र दोनदा बंद पडलं, झोत पुन्हा जुळवावा लागला. मी जेवायचं सोडलं होतं, कारण जेवायला गेले की काहीतरी बिघडेल असं डोक्यात बसलं होतं. शेवटी रेष आली. तीच रेष, तोच चढ. सरांच्या साडेपाच पट.

सरांनी खोलीचं दार लावून घेतलं. "बस," म्हणाले. मी बसले नाही.

"मी यावर सही करू शकत नाही," ते म्हणाले. "लोक मला विचारतील, तुझा आकडा खोटा की तुझ्या विद्यार्थिनीचा? मी काय सांगू? फरक का पडला ते तू मला सांग. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी सही."

"दोन्ही गेजं एकाच डबीला लावून बघू या ना, सर. मी पहिल्यापासून म्हणतेय."

"डबी उघडायची नाही. आधीच गळती आहे. पुन्हा व्हॅक्यूम धरायला महिना जाईल."

आणि मी हट्ट सोडला, कारण गळती होतीच.

त्या आठवड्यात मी अगदी हात टेकले. आईला म्हणाले, "ट्रकवाल्याला सांग कधी यायचं ते." ती आनंदेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढी वर्षं केलंस ना गं."

सर मुंबईला एका बैठकीला गेले आणि मी डबी उघडली. आता गमवायला काय उरलं होतं? पाना घेतला, एकेक बोल्ट सैल केला, आणि जुनं गेज आणि नवं गेज दोन्ही एकाच हेलियमच्या डबीला जोडली. परवानगी घेतली नाही. व्हॅक्यूम पुन्हा धरायला महिना लागला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो आधी होता तितका झाला. मी हेलियम सोडला. नव्या गेजवर आकडा आला. जुन्याचा काटा वर चढून स्थिर झाला. मी सवयीने तो साडेपाचने गुणू लागले आणि मध्येच थांबले.

गुणायच्या आधीच दोन्ही सारखे होते.

मी हेलियम वाढवला. सारखेच. कमी केला. सारखेच. नायट्रोजनच्या गेजने हेलियमचा दाब जसाच्या तसा दाखवायचा म्हणजे निव्वळ अशक्य गोष्ट. तशी ती होऊ शकते एकाच प्रकारे. कुणीतरी ते गेज मुद्दाम हेलियमसाठी बदलून ठेवलेलं असलं पाहिजे.

मी जुन्या गेजच्या, काटा होता त्या पेटीचे मागचे स्क्रू काढले. आत धूळ, मेलेला कोळी, परदेशी कंपनीने छापलेली सर्किटची पट्टी, आणि तिच्यावर एक रेझिस्टर इतरांपेक्षा वेगळा. हाताने बसवलेला, आपल्या लाजपतराय मार्केटात मिळतो तसला. त्याच्या दोन्ही तारा आधी दोन वेढे गुंडाळलेल्या होत्या आणि मग टाका दिलेला होता. लॅबमध्ये आम्ही सगळेच तसा टाका द्यायचो. पण टाक्यावरचा गंज बघता हे काम आमच्या कुणाच्याही आधीचं होतं, सर इथे एकटेच होते तेव्हाचं.

मग सगळं भराभर लागत गेलं. गेज हेलियमचा दाब बरोबरच सांगत होतं, आणि वर सर गुणत होते. दुरुस्ती दोनदा झाली होती. अणू होते त्याच्या साडेपाच पट धरले गेले, म्हणून पकडण्याचं प्रमाण तितकंच कमी निघालं. आणि ती गळती? हेलियम नसताना आत उरलेली थोडी हवा ते गेज पाच-सहा पट फुगवून दाखवत होतं. गळती नव्हतीच. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी बाटल्याच्या बाटल्या अ‍ॅसिटोन शिंपडलं ते धडधाकट सांध्यांवर. मी जमिनीवर बसून हसले. मग मला कळेना की सरांना हे सांगायचं कसं, आणि हसू गेलं.

सर परतले त्या दिवशी मी त्यांना सरळ पेटीपाशी नेलं. दोन्ही गेजं दाखवली. मग मी मागचं झाकण बाजूला केलं. त्यांनी चष्मा बदलला आणि वाकून पाहिलं.

"माझा टाका आहे," ते म्हणाले.

मी उभीच होते.

"विजेचा झटका बसून इथला रेझिस्टर जळला होता. तेव्हा स्पेअर कुठला मिळायला! मी म्हटलं बदलायचाच आहे तर हेलियमसाठीच बदलतो. म्हणजे कुणी गुणायला विसरणार नाही." झाकण हातात घेऊन म्हणाले, "मग दोन वर्षं बाहेर गेलो. आलो आणि मोजायला लागलो."

ते खुर्चीवर बसले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. माझ्या बाबांना त्यांनी ज्युनियरसमोर बसवलं होतं. आला नाही. नुसती भीती वाटली, घरातलं वडीलधारं माणूस घसरून पडल्यावर वाटते तशी.

"मी सही करतो," ते म्हणाले. "तुझा आकडा बरोबर आहे. तोच लिही. पण हे," त्यांनी पेटीकडे पाहिलं नाही, "हे लिहू नकोस. एवढं लिही की आधीच्या आकड्याहून हा वेगळा आहे. बस. मी निवृत्त होईपर्यंत. माझ्याकडे दुसरं काही नाही गं."

सरांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. सही मिळाली, थीसिस गेला, दुसऱ्याच आठवड्यात ट्रक आला. आई-बाबा पुण्याला गेले आणि मी करोल बागेत एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहिले, तोंडी परीक्षेची वाट बघत. सरांना मी रोज भेटत असे. आम्ही पेटीविषयी बोलत नसू. तसे आम्ही कशाविषयीच फारसं बोलत नसू. ते माझ्याशी हिंदीत बोलायला लागले होते.

परीक्षेला दक्षिणेतून एक परीक्षक आले. सेमिनारची खोली भरली होती, कारण तोंडी परीक्षेला समोसे असत. आमच्याकडचा रिवाज असा की गाइडने पहिल्या रांगेत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. विद्यार्थी बुडो नाहीतर तरो, त्याचं तो बघेल. कुणा गाइडने तो मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी बोलले. स्लाइड दाखवल्या. हेलियमची रेष आली तेव्हा मी ती घाईघाईने पुढे सरकवली. परीक्षकांनी ती परत मागितली.

त्यांनी इंग्रजीत, अगदी सभ्यपणे विचारलं, "तुमचा आकडा सिद्धांताशी जुळतो. तुमच्या गाइडचा आकडा याचा पाचवा भाग आहे, आणि तो गेली कित्येक वर्षं जगभर वापरला जातोय. फरक नेमका तेवढा आहे जेवढा हेलियमला गुणायला विसरल्यावर पडतो. मग मी काय समजू? चुकलंय कोण?"

चुकलंय कोण ते मला माहीत होतं. नवीन गेजला गुणावं लागत नाही, एवढं मी म्हणाले. ते म्हणाले, "ते मला माहीत आहे. मग जुन्यात काय झालं?" मी म्हणाले, सांगता येत नाही. ते म्हणाले, "सांगता येत नाही, की तुम्ही पाहिलंच नाही?" मागे कुणीतरी हलकेच हसलं, तो साडेपाच गुना चहावाला असावा. ट्रक, गोणपाट, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, सगळं डोळ्यांसमोर आलं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते वाक्य मी देऊन टाकलं होतं. परीक्षकांनी पेनचं टोपण लावलं आणि माझ्या लक्षात आलं की हे गेलं, संपलं.

पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली. सर उभे राहिले होते. शेजारच्या प्रोफेसरांनी त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली.

"जुना आकडा चुकीचा आहे," ते म्हणाले. "गेज मीच हेलियमसाठी बदललं होतं आणि नंतर मीच पुन्हा गुणत राहिलो. हे हिने शोधून काढलं. ते हिला माहीत आहे. सांगू नकोस म्हणून मीच तिला विनवलं होतं."

सर खाली बसले नाहीत. त्यांनी चष्म्याचं घर खिशात घातलं, परीक्षकांकडे पाहून मान लववली आणि दाराकडे चालू लागले. लोकांनी पाय आत घेऊन त्यांना वाट करून दिली. वर्षभर मला सरांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ते ऐकलं आणि धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं, त्यांनी ते अजून बोललेलंच नसावं म्हणून. दार लागलं. परीक्षकांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तर दिलं.